टेकडी

लढाई थांबून पाच महिने झाले होते, तरी वरकुट्याला सर्जेरावांच्या घरी माणसांची ये-जा सुरूच होती. त्यांचा एकुलता एक मुलगा अविराज सरहद्दीवरची एक टेकडी घेताना गेला. टेकडी आपल्या ताब्यात आली. आता तहाची बोलणी चालली होती. टेकडी परत द्यायची आणि दोन्हीकडचे कैदी सोडायचे, असं ठरत होतं. त्यावरून देशभर रान पेटलं होतं, आणि इंदापुरात विरोधी पक्षाच्या महिपतीअण्णांनी तहाविरुद्ध सभा लावली होती.

अण्णा स्वतः घरी आले. "तात्या, तुमी एकच वाक्य बोलायचं. माझ्या पोराच्या रक्तानं घेतलेली टेकडी देऊ देणार न्हाय. बास. पुढचं आमी बघतो."

"बोलतो की," सर्जेराव म्हणाले. त्यांनाही तसंच वाटत होतं. पोरगं गेलं ते निदान कशासाठी तरी गेलं, एवढाच त्यांना आधार होता.

बॅनरवर अविराजचा फोटो झळकला. तो फोटो बघून सभेच्या तीन दिवस आधी सुप्याहून सिंधुबाई आल्या. दोन एसट्या बदलून, भर दुपारी. पाणीसुद्धा न घेता त्या ओसरीच्या कडेला टेकल्या.

"दादा, माझा ऋषिराज तुमच्या अविराजच्याच तुकडीत हुता. तिकडं कैदेत हाय. कैद्यांना लिहू देत्यात तसलं एक पत्र आलंय."

पत्र कौसल्याबाईंनी वाचलं. चारच ओळी होत्या. *मी बरा आहे. शेळ्या विकू नका. अविराजच्या घरी सांगा, त्याला टाकून मागं फिरलो नाही. शेवटपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.*

कौसल्याबाईंनी ते पुन्हा वाचलं आणि नवऱ्याकडं पाहिलं. "अवो, आपल्या पोरापाशी बसला म्हणून ह्यो घावला त्यांना. आन तुमी त्याची वाट अडवाया निघालाय?"

सर्जेराव उठून बाहेर पडले. संध्याकाळपर्यंत नुसते शेताच्या बांधावर बसून राहिले.

सभेला मैदान भरलं होतं. अण्णांनी माईक हातात दिला. सर्जेराव म्हणाले, "माझा पोरगा गेला. टेकडी ठिवली म्हणून त्यो काय येत न्हाय. जी पोरं जिती हायत ती आणा. टेकडी द्या."

माईक बंद झाला. शिट्टी नाही, शिवी नाही, काहीच नाही. अण्णांनी हसत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तात्या दुःखानं भांबावल्यात. घरी जावा तात्या. जपून जावा."

दुसऱ्या दिवशी डेअरीवर त्यांचं दूध नासकं ठरलं. तिसऱ्या दिवशीही. फडात उतरलेली ऊसतोडीची टोळी कोयते बांधून निघून गेली. का, ते मुकादम सांगेना. घराच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं 'फितूर' लिहिलं. कौसल्याबाई ते घासत होत्या तेव्हा दोन ओळखीच्या बाया खाली माना घालून पुढं गेल्या.

मग एका दुपारी उभा ऊस पेटला. पाचट तडतडत होतं, धूर पार रस्त्यापर्यंत गेला. सारं गाव बांधावर जमलं, पण कुणी पुढं झालं नाही. शेजारचे दत्तोबा खाली बघत म्हणाले, "तारंची ठिणगी पडली आसंल."

"लाईट सकाळपासनं न्हाय दत्तोबा," सर्जेराव म्हणाले.

दत्तोबा बांधावरनं मागं सरले.

संसदेत चार मतांनी का होईना, तह मंजूर झाला. टेकडी परत गेली, कैदी सुटले. ऋषिराज मोठ्या रजेवर घरी पोचला आणि आठवड्यात आईला घेऊन वरकुट्याला आला. हाडांचा नुसता सापळा झाला होता. कौसल्याबाईंनी त्याला समोर बसवून जेवू घातलं. जेवता जेवता त्यानं अविराजचं सगळं सांगितलं; तो शेवटी काय बोलला, कसा हसला. सर्जेराव त्या दिवशी पहिल्यांदा मोकळे रडले. डांबराचे डाग भिंतीवर होतेच, पण घरात माणूस आल्यासारखं वाटलं.

ते फार दिवस टिकलं नाही. तहापायी सरकार पडलं, निवडणुका लागल्या. तह मोडणार म्हणणारेच निवडून आले, इंदापुरातनं अण्णा. शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी सिंधुबाईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "रजा रद्द झाली वो. सगळ्यांचीच. ऋषिराज बारामती स्टँडवर गाडीला उभा हाय."

त्याच दिवशी अण्णांची मिरवणूक वरकुट्यात शिरली. पुढं डीजे, मागं दीड-दोनशे मोटरसायकली. मिरवणूक सर्जेरावांच्या दारात थांबली. अण्णा गाडीतून उतरले, आपल्या गळ्यातला हार काढून त्यांनी सर्जेरावांच्या गळ्यात घातला. डीजे थांबला.

"तात्या, आपला राग न्हाय तुमच्यावर. तुमच्या पोराची टेकडी आता परत घ्यायची."

कौसल्याबाई उंबऱ्यात आल्या. "आन तितं ह्या खेपंला कुणाचं पोर धाडणार, अण्णा?"

अण्णांनी मागं वळून पाहिलं. मोटरसायकलींवर विशी-बाविशीची पोरं गुलालानं माखून दाटीवाटीनं बसली होती. काही हात हलवत होती.

"बघा की वैनी," अण्णा म्हणाले, "किती हायत."