वॉल्टरला मऊ करण्याचा ठराव

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ॲग्नेसला अखेरचा निरोप द्यायचा होता, आणि मंगळवार उजाडला तरी चर्चच्या मनोऱ्याची किल्ली वॉल्टर हेब्डनच्या खिशातच होती.

ॲग्नेस हेस्टरबाईंची धाकटी बहीण. तीस वर्षं तिने तिसऱ्या घंटेचा दोर ओढला. तिची एकच इच्छा होती: आपल्या दिवशी घंटा अर्ध्या मुक्या वाजाव्यात. एक टोला मोकळा, दुसरा लांबून आल्यासारखा. त्यासाठी लोलकाच्या एका अंगाला चामडं बांधावं लागतं. ते गावात फक्त वॉल्टरला जमायचं, आणि वॉल्टर रुसला होता.

घंटा वाजवायच्या खोलीत त्याची चाळीस वर्षांची वेताची खुर्ची होती. तो मुलीकडे गेला असताना चर्चच्या समितीने ती सुरक्षेच्या कारणास्तव भंगारात दिली. खुर्चीने आजवर कुणाचा जीव घेतला नव्हता, पण समिती दूरदर्शी होती. वॉल्टर संतापल्यावर तिने बदल्यात पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि तीन बैठका घेऊन माफीचं पत्र तयार केलं.

अध्यक्ष क्लाइव्ह ऑलर्टन ते पत्र घेऊन हेस्टरबाईंकडे आला. शाळेत त्याला लॅटिन त्यांनीच शिकवलं होतं, म्हणजे तसा प्रयत्न केला होता.

"बाई, एवढं तपासून द्या. ठराव आहे, 'श्री. हेब्डन यांना मॉलिफाय करणे'."

"म्हणजे काय रे?"

"राग घालवणे. गप्प बसवणे, थोडक्यात."

"मॉलिस म्हणजे मऊ, हे तुला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास. मॉलिफाय म्हणजे मऊ करणं. जुन्या इंग्रजी बायबलात, जखमांना मलम लावून त्या मऊ केल्या नाहीत अशी तक्रार आहे, तिथे हाच शब्द आहे. मलम लावायचं तर जवळ बसावं लागतं, क्लाइव्ह."

"पत्र टपालाने जाईल, बाई."

"तो चार घरं सोडून राहतो."

"नोंद राहते ना."

पत्रात लिहिलं होतं, 'जर आपल्या भावना दुखावल्या असतील, तर आपल्याला तसं वाटल्याबद्दल समितीला खेद आहे.' चूक कुणी केली याचा त्यात शोधूनही पत्ता नव्हता. बाईंनी ते दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम घातला आणि परत दिलं.

गुरुवारी सकाळी प्लास्टिकची खुर्ची क्लाइव्हच्या दारात उभी होती. तिच्यावर पत्र, आणि पत्र उडू नये म्हणून दगड. माणूस रागात असला तरी नीटनेटका होता.

मग हेस्टरबाई स्वतः निघाल्या. वॉल्टर मागच्या शेडमध्ये चामड्याच्या पट्ट्यांना तेल चोळत बसला होता.

"सवयीने करतोय," तो वर न बघता म्हणाला. "वाजवणार आहे असं समजू नकोस. पत्र वाचलं. स्वल्पविराम छान होता. तुझाच ना?"

"माझाच." त्या समोरच्या खोक्यावर बसल्या. "वॉल्टर, त्या बैठकीला मी होते. खुर्ची टाकून द्यायला मीही हात वर केला. चहा गार होत होता आणि मला घरी जायचं होतं. तुला विचारायला हवं, हे तेव्हाही कळत होतं."

वॉल्टरचे हात थांबले. "आणि ॲग्नेस?"

"भांडली. एकटीच."

"मला बोलली नाही कधी."

"मी सांगेन, असं तिला वाटलं होतं. मी नाही सांगितलं. चुकले मी."

मग दुसरी पट्टी त्याने त्यांच्या मांडीवर टाकली. "अंगठ्याने चोळ. कडेपासून. अशी नाही, पुस्तकाचं पान उलटतेयस का?"

तासाभरात बाईंचे अंगठे दुखायला लागले. चामडं थोडं वाकू लागलं होतं.

"तिसरीवर उद्या कोणाला उभं करायचं?" त्याने विचारलं.

"तू ठरव."

"कोणालाच नाही. तेवढी जागा रिकामी जाऊ दे."

शुक्रवारी सहापैकी पाच घंटा वाजल्या. प्रत्येक फेरीत दोन टोल्यांनंतर एक टोला चुकत होता, आणि शवपेटीमागून चालणाऱ्या सगळ्यांची पावलं तिथे अडखळत होती.

क्लाइव्ह बाईंच्या कानाशी झुकला. "बघा बाई. पत्राचा उपयोग झाला."

"गप्प बस, क्लाइव्ह," हेस्टरबाई म्हणाल्या. "तिसरी ऐकू दे."