आधी घोळका की आधी काम

सुनयनाला वाटलं होतं, आप्पा दोन मिनिटं बघतील, 'झ्याक हाय' म्हणतील आणि जेवायला उठतील. कसलं काय! कोपरखैरण्याच्या त्या एवढ्याशा खोलीत आप्पा, म्हणजे हौसेराव, लॅपटॉपसमोर मांडी ठोकूनच बसले. लेक चार वर्षं पीएचडीसाठी लॅबमध्ये राबतेय ती नेमकी कशापायी, हे त्यांना आज समजून घ्यायचंच होतं. उद्या तिचा आणि तिच्या गाइड सरांचा लेख छापायला जाणार होता ना!

"ही जिवंत पेशी," सुनयना म्हणाली. "हे हिरवे ठिपके म्हणजे प्रथिनं. सुटी फिरतात, मग जनुकापाशी घोळका करतात. घोळका जमला की जनुकाची नक्कल उतरायला लागते. तो लाल ठिपका पेटला ना, ती नक्कल."

"म्हंजी आमची टोळीच की!" हौसेराव खूश. चाळीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून पोती उचललेली. "पर एक सांग. आमच्यात गाडी लागती, दोघंजण पोती उतरवाया घेत्यात, मग बाकीची टोळी गोळा हुती. तुझ्यात घोळका आदी, का काम आदी?"

बरोब्बर तिथंच बोट! एकोणीस फिल्म अशा होत्या, ज्यांत लाल आधी पेटलं होतं आणि हिरवा घोळका मागाहून जमला होता. 'फोकस गेला' असा शेरा मारून सुनयनानं त्या बाजूला काढल्या होत्या. कुठला फोकस जातोय? लख्ख होत्या चांगल्या. पण सरांना घोळका आधी हवा होता आणि हिला सरांची शाबासकी.

"घोळकाच आधी, आप्पा. नेहमी."

हौसेरावांनी पडद्यावरचा हिरवा घोळका पुन्हा एकदा निरखला. मग म्हणाले, "मग आमचंच बघण्यात चुकत आसंल. तू शिकलेली."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, चाळीस वर्षं डोळ्यांनी बघितलेलं माणूस एका शब्दावर सोडून देतंय, का तर लेक म्हणाली! तिनं तिथंच सरांना फोन लावला.

"सर, लेख पाठवू नका. त्या एकोणीस फिल्म खराब नव्हत्या, त्यांत लाल आधी पेटतंय, घोळका मागाहून. मी मुद्दाम काढल्या."

सर नको नको ते बोलले. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. फोन ठेवला तेव्हा वाटलं, सुटले एकदाची.

आप्पा अजून तिथंच होते.

"सायबाला खरं सांगितलंस, ब्येस केलंस," ते हळूच म्हणाले. "पर मला कशापायी फसिवलंस? मी काय तुझा पेपर तपासनार हुतो व्हय?"

सरांना फसवायला तिच्यापाशी निदान शाबासकीचं कारण होतं. इथं तेही नव्हतं. लाजेनं तिला वर बघवेना.