थरथरीची गोळी

भिंगारच्या बाजारातल्या मेडिकलात आठ वर्षं काढली आणि जालिंदर अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. आई आक्काबाईचे हात थरथरायला लागले, चहा बशीत कमी नि लुगड्यावर जास्त सांडू लागला, तेव्हा ना डॉक्टर ना चिठ्ठी, यानंच दुकानातून गोळ्या आणून सुरू केल्या. आठवड्यात थरथर थांबली. गडी चारचौघांत मिरवलासुद्धा.

मग म्हातारी विसरायला लागली. पाथर्डीला दिलेल्या त्याच्या धाकट्या बहिणीला, प्रज्ञाला, मुलगी झाली. एस.टी.डी. बूथवर निरोप आला, तसा जालिंदर पळत घरी आला. आक्काबाईनं हरखून त्याच्या तोंडात साखर घातली. तासाभरानं पुन्हा तेच, "आपल्या प्रज्ञाचं काय झालं रं?"

दोन दिवस त्यानं हसून सांगितलं. नंतर ओरडायला लागला. एकदा तर ताट आपटून, "किती येळा सांगू? दगड हायेस का तू?" म्हणत तिच्या अंगावर धावून गेला. वय झालं, दुसरं काय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. असे चार महिने गेले.

शेवटी तिला नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांचं पाकीट बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अरे, हात हलवणाऱ्या जागी ही गोळी जे रसायन दाबते, तेच मेंदूत दुसऱ्या जागी नवी आठवण धरून ठेवायला गरजेचं असतं. हळूहळू बंद कर ही."

महिन्याभरात थरथर परत आली आणि म्हातारीही. नातीचं नाव, वजन, सगळं तोंडपाठ. पण जालिंदर घरात आला की ती भिंतीशी सरकायची. त्यानं फळीवरचा डबा काढायला हात उचलला, तर तिनं डोकं झाकून घेतलं. तो परत डॉक्टरांकडे गेला. ते म्हणाले, "भीती वेगळ्या जागी साठते. तिथं तुझ्या गोळीचं काही चाललं नाही."

घरी येऊन तो तिच्यापुढं बसला आणि ढसाढसा रडला. "आये, लई वंगाळ वागलो गं तुज्यासंगं. माफ कर."

"कदी रं?" आक्काबाईला खरंच नवल वाटलं. "तू तर कदी आवाज चढवला न्हाईस. साऱ्या आळीला सांगते मी, लेक असावा तर असा."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. जे आठवतच नाही, त्याची माफी ती देणार कशी? त्यानं तिचे पाय धरायला हात पुढं केले. त्याचं कौतुक सांगता सांगताच तिनं पाय पोटाशी ओढून घेतले.