मुकी पायरी

सभागृह खच्चून भरलं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती, तरी दारातून माणसं आत घुसतच होती. व्यासपीठावर एक तरणाबांड माणूस डोळे मिटून डुलत होता. डोक्याला त्याने कानांवरून जाड पांढरं फडकं गुंडाळलं होतं. अचानक त्याने हात वर करून आरोळी ठोकली.

"लंगडा पूल! लंगड्या पुलाखालून कोण हाक मारतंय? मामा! त्याची भाची बसलीय इथे!"

तिसऱ्या रांगेतली एक बाई हंबरडा फोडून उठली आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

धरण झालं, या सगळ्यांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली, त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. बदल्यात मिळालेल्या या वसाहतीला आधी नुसता क्रमांक होता. मग एका पुढाऱ्याचं नाव चिकटलं. पुढारी पडला तशी ती पाटीही उतरली, आणि आता कमानीवर 'नवप्रभात नगर' असं लिहिलेलं होतं. जुन्या वस्तीतली नावं, लंगडा पूल, भांडखोर आळी, सासुरवाट, फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात उरली होती. आणि ज्याने ती वस्ती जन्मात पाहिली नव्हती तो हा परका माणूस ती घडाघडा बोलत होता! मेलेली माणसं म्हणे पाण्याखाली आपापल्या जुन्या जागी जाऊन बसतात आणि तिथून याला हाका मारतात. लोकांनी त्याला हाकबुवा करून टाकलं होतं.

"मी कोण? मी कुणी नाही! मी रिकामं मडकं! माझ्यात बोलतं ते पाणी!" बुवा घुमत होता. यातलं मडक्याचं तेवढं खरं होतं.

मागच्या भिंतीला टेकून, आईच्या शेजारी, कानवाली उभी होती. कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तपासायचे आणि त्यांना यंत्र बसवून द्यायचं, हे तिचं काम. म्हणून सगळी वसाहत तिला कानवालीच म्हणे. वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ती एका आजोबांच्या कानाचं माप घेत होती. तिने माप पुरं केलं, हात धुतले आणि मग निघाली. तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं. जेवताना मीठ कमी पडलंय की जास्त, हेही कळेनासं झालं होतं.

इथे ती आली होती ती आईने गोळ्या बंद केल्या म्हणून.

"आई, रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्या. खेळ नाही," ती सकाळी म्हणाली होती.

"ज्याचा मुक्काम तिकडे ठरलाय, त्याला इकडचं औषध अडवतं. बुवांनीच सांगितलं. तुझे बाबा खोळंबलेत ग माझ्यासाठी." गाडीची वेळ सांगावी तसं आई शांतपणे बोलली.

कानवाली बुवाकडे पाहत राहिली. प्रत्येक नावाआधी तो एकदम गप्प व्हायचा. हनुवटी जराशी खाली, मान स्थिर. लोकांचा गलका वाढला की हात वर करून म्हणायचा, "शांत! आत्मा हळू बोलतो!" हा चेहरा तिच्या रोजच्या ओळखीचा होता. कानात नवं यंत्र बसवलेला माणूस पहिला आवाज पकडतो तेव्हा असाच दिसतो. बुवाला साक्षात्कार होत नव्हता, बुवा कान देऊन ऐकत होता.

पुढच्या बैठकीला तिने आईला आधी आत बसवलं आणि स्वतः व्हरांड्यात रेंगाळली. तिथे बुवांची एक शिष्या सगळ्यांना पाणी द्यायची, म्हाताऱ्यांच्या चपला नीट ठेवायची आणि गोड बोलायची. गळ्यात तिच्या एक कापडी बटवा, बोलताना तो ती अगदी तोंडाशी धरायची.

"ताई, कोण गेलं तुमचं? वस्तीत कुठल्या अंगाला राहायचात?"

"वडील गेले," कानवाली म्हणाली. "आई आत आहे, पहिल्या रांगेत, निळी साडी. बाबा रोज संध्याकाळी मुक्या पायरीवर बसायचे. नदीकाठच्या."

अशी पायरी कुठेच नव्हती. ते नाव तिने आदल्या दिवशी भाजी चिरताना बनवलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं.

ती आत जाऊन आईशेजारी बसली. दोन-तीन हाकांनंतर बुवाची हनुवटी खाली गेली.

"मुकी पायरी! पाण्यात पाय सोडून बसलेत एक गृहस्थ! विचारतायत, माझी निळ्या साडीतली कुठे आहे?"

आईने कानवालीचा हात घट्ट धरला. "मुकी पायरी! हो ग, तिथेच बसायचे ते."

"होती, होती!" मागून कुणीतरी म्हातारा ओरडला. "मी पाहिलीय!"

कानवालीने हात सोडवून घेतला. तिला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. ती सरळ दाराशी गेली, शिष्येच्या हातातला पितळी तांब्या घेतला आणि तिच्या बटव्याजवळ धरून पेल्याने ठणकन वाजवला.

व्यासपीठावर बुवा किंचाळला. दोन्ही हातांनी त्याने कान धरला, फडकं सुटलं आणि कानातलं कातडीच्या रंगाचं, मण्याएवढं ऐकायचं यंत्र सगळ्यांना दिसलं. कानवालीने बटवा उलटा केला. आतून फोन पडला, चालू.

"मुकी पायरी नव्हतीच," ती म्हणाली. "मी बनवली. या बाईंना सोडून कुणाला सांगितली नव्हती. त्या विचारतात, फोन ऐकवतो, हा बोलतो. लंगडा पूल, भांडखोर आळी, सगळं तुम्हीच पाणी पिता पिता याला दिलंत. ती नावं तुमची आहेत. घरी नातवंडांना सांगा, एकमेकांना सांगा. औषधं सोडू नका. आणि पाया पडण्याआधी एवढंच विचारा, याला हे कळलं कुठून?"

बुवा मागच्या दाराने आणि शिष्या व्हरांड्यातून सटकत होते, लोकांनी त्यांना धरून चौकीवर नेलं. पण जाता जाता तिसऱ्या रांगेतली ती भाची कानवालीला म्हणाली, "उरलं होतं तेवढंही काढून घेतलंस."

घरी आई स्वयंपाकघरात येऊन बसली.

"मला दिसली ग ती पायरी. शेवाळासकट."

"दिसली असेल. माणूस एकटं पडलं की दुसरा दाखवेल ते बघतं. म्हणूनच विचारायचं असतं, आई."

"मग ते कुठे बसायचे?"

"तू सांग. तूच पाहिलंयस."

आईने खूप आठवून पाहिलं.

"कुठेच नाही," ती शेवटी म्हणाली. "बसायला त्यांना वेळ कुठे होता?"

कानवालीने गोळी आणि पाणी पुढे केलं. आईने गोळी घेतली. रडू दोघींनाही आलं नाही.