दोन बोटं कापड

मी मखमल बोलतेय. जांभळी, राणीच्या झग्याची. सिनेमात तुम्ही मला पाहिलंय, पण ओळखलं नसेल, कारण दर वेळी माझ्यात वेगळी बाई असायची. गोड बोलणं मला जमत नाही. एका नटीवर सूड उगवायचा होता, तो मी उगवला. एवढीच माझी कहाणी.

मला शिवलं टाचणीनं. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून स्टुडिओत तिला सगळे टाचणीच म्हणत. प्रत्येक शिवणीच्या आत ती दोन बोटं जादा कापड ठेवायची. सिनेमाचे कपडे एका अंगासाठी नसतात. आज राणी, उद्या राणीची सवत, परवा चेटकीण. जिला तंग होईल तिच्यासाठी शिवण उसवायची आणि ते कापड सोडायचं.

राणी झालेली नटी तेव्हा ऐन भरात होती. मला घालून आरशापुढे वळली आणि म्हणाली, "कमरेला जाड दिसतेय. आतलं कापड काप."

"राहू द्या ताई. पुढच्या सिनेमात दुसरीला लागेल."

"माझा झगा दुसरी घालणार? काप म्हटलं ना."

"इस्त्रीनं सपाट करून देते की."

"आता ही मला शिकवणार." नटीनं दिग्दर्शकाला तिथंच बोलावलं. "इथं ही राहील, नाहीतर मी."

टाचणीनं मला कापलं, तोंडातल्या टाचण्या डबीत टाकल्या आणि गेली. पुन्हा तिला कुठल्याच स्टुडिओनं उभं केलं नाही.

मी मात्र राहिले. एका सिनेमासाठी माझ्या बाह्या छाटल्या, दुसऱ्यात काळी लेस लावून मला चेटकीण केलं, एकात तर मेलेल्या आजीला घालून निजवलं. आणि दर वेळी, दर नव्या शिंप्याच्या तोंडी एकच: "कुठल्या येडीनं शिवलंय हे? आत चिमूटभर कापड नाही." जिचं पोट मारलं तिलाच वर शिव्या. मी ऐकत होते आणि खुंटीवर लटकून वाट बघत होते.

मग काही वर्षांनी तीच नटी परत आली. आता राणी दुसरीच कुणी पोर होती, हिच्या वाट्याला राजमाता. कपडेपटाचे मामा मागून हूक ओढत होते.

"ताई, श्वास आत घ्या."

"घेतलाय."

"अजून घ्या."

"अजून घेतला तर राजमातेचा फोटोच लावा भिंतीवर. थोडं सोडा ना, मामा."

"काय सोडू? आत कापडच नाही."

"कुठल्या गाढवीनं शिवलंय?"

मामा तेव्हापासूनचे. हळूच म्हणाले, "टाचणीनं शिवलं. कापड तुम्हीच कापायला लावलं होतंत."

"कोण टाचणी?" ती म्हणाली.

आठवण ठेवून शिवी दिली असती तर कदाचित मी सोडलंही असतं. पण एका बाईची भाकरी हिसकावली आणि हिला तिचं नावही ठाऊक नाही. तेव्हाच मी ठरवलं.

प्रसंग असा होता: राजमाता उठते, हात उगारते आणि सुनेला म्हणते, "चालती हो." ती उठली. हात वर गेला. मी काखेपासून कमरेपर्यंत टरकले. नुसती शिवण नाही, अख्खी मखमल. सुनेला हसू आवरेना, दिवेवाले तोंड फिरवून हसले. आणि दिग्दर्शक कंटाळून म्हणाला, "कपड्यात मावेल अशी दुसरी बाई बघा रे."

मला दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती बाहेर गेली. रडत होती. मला दया आली नाही, येणारही नाही.

आता मी बोचक्यात आहे. मामा लागेल तसा तुकडा कापून दुसऱ्या झग्यांना ठिगळ लावतात. लावू देत. आधी मी एका वेळी एकीची होते, आता एकदम अनेकींच्या काखेत बसलेय.

शिवणाऱ्या बायांनो, कुणी कितीही डोळे वटारले तरी आत दोन बोटं कापड ठेवा. आणि ठेवूच दिलं नाही, तर रडत बसू नका. ती बाई आमच्यावर सोडा.