मानाचा भंडारा

"आप्पा, जरा सरका की. धुळा सरपंच यायलेत," पुजारी हरिबा म्हणाला.

सिद्धाप्पा सरकला. बिरोबाच्या ओट्यापुढची ही जागा पंधरा वर्षं त्याची होती. गेल्या महिन्यातल्या निवडणुकीत ती गेली. धुळा आला. ह्याच धुळानं एके काळी सायकलीला कर्णा बांधून 'सिद्धाप्पालाच मत द्या' म्हणत वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या होत्या. आता त्याचा पांढराशुभ्र फेटा सिद्धाप्पाच्या डोळ्यांत कुसळासारखा सलत होता. चाल तर थेट सिद्धाप्पाची. हात जोडून मान वाकडी करणंही त्याचंच. मतं गेली ती गेली, ही चाल कुणी दिली याला?

"पोरगं शोभतंय की," शेजारचा कोंडीबा म्हणाला.

"शोभंल न्हाय तर काय. घडवलंय कुणी?"

"व्हय, पर हाक आता त्याला मारत्यात."

ढोल घुमला. हरिबा भंडाऱ्याचं ताट घेऊन निघाला. आधी मानाचा टिळा सरपंचाला, मग ओव्या, ही रीत. हळदीचा वास आला आणि सिद्धाप्पाचा पाय आपसूक पुढं पडला. डोळे मिटले, मान लवली, दर जत्रेत लवायची तशी.

कपाळाला बोट लागलं नाही. ढोल थांबला. बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं डोळे उघडले. समोर ताट, ताटापलीकडं धुळा.

"लाव की हरिबा, आप्पांना आदी," धुळा हलक्यानं म्हणाला.

ती दया निवडणुकीपेक्षा जड होती. वाटलं, ताट उधळून द्यावं. सिद्धाप्पानं ताटात हात घातला. त्यानं चिमूट उचलली आणि धुळाच्या कपाळावर आडवी ओढली.

"नीट हुबा ऱ्हा. टिळा घेताना सरपंचानं हलायचं नसतंय."

ढोल पुन्हा घुमला.

माळावरी तळं भरलं, काठोकाठ झालं पाणी
धुळाप्पाच्या नावाची लाट गाती गाणी

तळं बहात्तरच्या दुष्काळात सिद्धाप्पानं खोदवून घेतलेलं. गेल्या जत्रेपर्यंत ओवीत नाव त्याचं होतं. तो शेवटच्या कडव्यापर्यंत उभा राहिला.

घरी त्याची बायको मायाक्का पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. दरसाल ती त्याच्या कपाळावरचा भंडारा बोटानं टिपून आपल्या कपाळी लावायची. तिनं त्याचं कोरं कपाळ पाहिलं. मग पिवळी बोटं पाहिली.

तिनं तांब्या खाली ठेवला, त्याचा हात धरला आणि ती बोटं आपल्या कपाळाला टेकवली.