यंदाचा बार

वडप्याच्या गावदेवीची पालखी बाळाराम पाटलांच्या दारात थांबते. तिथे ठासणीच्या रायफलीचा बार झाल्याशिवाय भोई ती पुढे नेत नाहीत. रायफल लष्करातली, दीडशे वर्षांपूर्वीची. बाळाराम यांना अशा जुन्या बंदुका जमवायचा नाद होता. घरात तीन होत्या, पण दोन बंदुकांच्या नळ्यांना नियमाप्रमाणे भोकं पाडून त्या निकामी केलेल्या. उरलेल्या एकीचा परवाना पीक राखण्यासाठीचा. पिकाच्या जागी आता गोदामं आहेत.

पालखीच्या आदल्या दुपारी त्यांनी ती मुलीसमोर ठेवली. सुकन्या भिवंडीत कॉलेजवर रसायनशास्त्र शिकवते.

"बघ जरा. ठिणगीची टोपी नीट बसत न्हाय."

दस्ता चकचकीत होता. सुकन्याने गजाला पांढरं फडकं गुंडाळून नळीत घातलं. तळाशी ते अडकलं. ओढून काढलं तेव्हा त्याला गंजाचे तांबडे पापुद्रे चिकटले होते.

"बाबा, गेल्या वर्षी धुतली होती का?"

त्यांनी फडक्यावरचा एक पापुद्रा बोटाने खरवडला. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुवावी लागते. पाणी ओतायचं काम तिच्या भावाचं, धनेशचं. गेल्या वर्षी बार झाला, चुलीवर पाणी चढलं, आणि हायवेवरून फोन आला. पाहुण्यांना आणायला निघालेल्या धनेशची बाईक कंटेनरखाली गेली होती.

"वरून तेल पुसत होतो," बाळाराम म्हणाले. "आत पाणी घालायला हातच उचलला न्हाय."

सुकन्याने बारीक दिवा दोऱ्याने आत सोडला. लोखंडाला खड्डे पडले होते. सर्वांत खोल खड्डा तळाशी होता, जिथे दारू ठासली जाते.

"उडल ना?"

"उडेल. कुठून उडेल ते सांगता येणार नाही."

"अर्धीच दारू घालतो."

"अर्धीसुद्धा नाही, बाबा."

"धनूच्या नावाचा बार हाय तो. तुला काय कळायचं."

तिने दिवा वर ओढून काढला. मग म्हणाली, "आईने अजून किती बघायचं?"

दुसऱ्या दिवशी पालखी आली. भोयांनी ती टेकवली, ढोल थांबले.

"काका, जरा दमानं उडवा," पुढच्या दांड्याचा नवशा म्हणाला. "गोदामावर नवा वॉचमन हाय, खुर्चीखाली जाईल."

लोक हसले. बाळाराम बाहेर आले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. हसणं विरलं.

"उचला," ते म्हणाले.

"काका, बार?"

"न्हाय यंदा. उचला."

भोई एकमेकांकडे बघत राहिले. कोणी वाकेना. शेवटी बाळाराम स्वतः पुढे झाले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दांड्याखाली खांदा दिला. मग नवशाने दिला, मग बाकीच्यांनी.

नवशाच्या बायकोने, काशीने, मांडीवरच्या तान्ह्याचे कान हातांनी झाकून धरले होते. पालखी गोदामांच्या रांगेआड गेली तरी तिने हात काढले नव्हते.